नासपतीने राजा पडला नाही

एक मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. साधारण असा: 'एका फ्रेंच व्यंगचित्रकाराने राजा लुई-फिलिपला नासपतीच्या रूपात काढलं. खटला झाला. त्याने कोर्टातच चार रेखाटनांत राजाची नासपती करून दाखवली, न्यायाधीशांना हसू आवरेना, तो निर्दोष सुटला आणि त्या एका चित्राने सिंहासन उलथलं.' खाली हमखास लेखणी-तलवारीची ओळ. रेखाटनं खरी आहेत. बाकी बहुतेक सगळं चुकीचं आहे.

आधी खटल्याचं कारण. या व्यंगचित्रकारावर, म्हणजे शार्ल फिलिपोंवर, खटला झाला तो नासपतीमुळे नव्हे. जून 1831 मध्ये त्याच्या 'ला कारिकात्युर' साप्ताहिकात एक चित्र आलं होतं: राजासारखा दिसणारा गवंडी भिंतीवरच्या जुलै 1830च्या क्रांतीच्या खुणांवर गिलावा फिरवतो आहे. ज्या क्रांतीने याला गादी दिली तिचाच याला विसर पडला, हा टोला. नासपती 14 नोव्हेंबरला कोर्टात जन्मली, तीही बचावाचा मुद्दा म्हणून. त्या गवंड्यावर ना नाव, ना मुकुट. नुसतं साम्य हाच गुन्हा असेल तर पहिल्या रेखाटनासाठी शिक्षा द्या, मग दुसऱ्यासाठी, आणि शेवटी नासपती काढणाऱ्या प्रत्येकाला, असा त्याचा युक्तिवाद.

'निर्दोष सुटला' हे तर सपशेल खोटं. 6 महिने कैद आणि 2,000 फ्रँक दंड झाला. पुढे जानेवारी 1834 मध्ये त्याचंच दैनिक 'ल शारिव्हारी' दंडात सापडलं, तेव्हा तीच चार चित्रं 6,000 फ्रँक भरण्यासाठी विकतो आहोत असं छापून विकायला काढली. पुढच्याच महिन्यात कोर्टाचा निकाल छापणं भाग पडलं, तर पठ्ठ्याने निकालाच्या ओळीच नासपतीच्या आकारात जुळवल्या. व्हायरल मजकुरात हे कधीच नसतं, आणि मला तर मूळ गोष्टीपेक्षा हेच जास्त आवडतं.

काही जण चित्रकार म्हणून ओनोरे दोमियेचं नाव टाकतात. कोर्टातली रेखाटनं फिलिपोंची. दोमियेला शिक्षा झाली ती 'गार्गान्तुआ'साठी: खुर्चीवर बसलेला अवाढव्य राजा, त्याच्या जिभेवरून टोपल्या भरभरून लोकांचा पैसा तोंडात जातो आहे आणि खुर्चीखालून मानसन्मानाचे कागद बाहेर पडताहेत. त्यालाही 6 महिने. ऑगस्ट 1832 मध्ये त्याला अटक झाली आणि सेंत-पेलाजीच्या तुरुंगात टाकलं.

आता मुख्य दावा, चित्राने सिंहासन उलथल्याचा. राजा पडला 24 फेब्रुवारी 1848 रोजी, म्हणजे नासपतीनंतर 16 वर्षांनी. मधल्या काळात सरकार गप्प बसलं नव्हतं. जुलै 1835 मध्ये फिएस्कीने राजाला मारण्याचा प्रयत्न केला, ते निमित्त झालं. सप्टेंबरच्या कायद्यांनी प्रत्येक चित्राला आधी परवानगी घेणं सक्तीचं केलं. 'ला कारिकात्युर' ऑगस्टातच बंद पडलं होतं. दोमिये वकील, घरमालक, भामटे यांच्याकडे वळला, आणि नासपती छापील पानांवरून जवळपास गायबच झाली. राजा पडला तो बुडालेली पिकं, 1847ची मंदी, मताधिकारासाठीच्या मेजवानी-सभांवर बंदी, पॅरिसमधल्या बुलव्हार दे कापुसीन या रस्त्यावर जमावावर झालेला गोळीबार आणि राजाची बाजू घ्यायला तयार नसलेलं नॅशनल गार्ड हे नागरिकांचं सशस्त्र दल यांमुळे. नासपतीने राजाचा धाक कमी केला असेल, पॅरिसच्या भिंतींवर पोरं ती खरडत होतीच. पण धाक कमी होणं वेगळं आणि गादी जाणं वेगळं.

पडलेल्या राजाची गाजलेली चित्रं आली ती तो पळून गेल्यावर. मार्च 1848 मध्ये दोमियेने त्वीलरी राजवाड्यातल्या सिंहासनावर रुतून बसलेलं पॅरिसचं उनाड पोर काढलं. चित्र लाजवाब आहे, पण तोवर ते काढायला तुरुंगाची भीती उरली नव्हती. ही पडत्या फळाची आज्ञा झाली.

1870 मध्ये तेच पुन्हा घडलं, आणि जास्त ओंगळपणे. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत, म्हणजे दुसऱ्या साम्राज्यात, चित्राला परवानगी लागायची. 2 सप्टेंबरला सदाँ येथे तो शत्रूच्या हाती पडला, दोन दिवसांनी प्रजासत्ताक जाहीर झालं आणि बाजारात चित्रांचा पूर आला. पॉल आदोलने 'शाही प्राणिसंग्रहालय' नावाच्या मालिकेत अख्खं राजघराणं आणि दरबारी जनावरांच्या रूपात रंगवले: सम्राट गिधाड, सम्राज्ञी युजेनी करकोचा. युजेनीवरच्या इतर कित्येक चित्रांत राजकारण नावालाही नाही, नुसता बाईवरचा चावटपणा आहे. फिलिपोंच्या नासपतीशेजारी ही चित्रं ठेवून सगळ्यांना एकाच 'निर्भीड' माळेत ओवणं मला पटत नाही.

आणि 'तेव्हापासून फ्रेंच व्यंगचित्र स्वतंत्र झालं' ही पुरवणीही चुकीची. प्रजासत्ताकानेही चित्रांवर पूर्वपरवानगीचा अंकुश परत आणला. तो गेला 29 जुलै 1881च्या कायद्याने. फिलिपों 1862 मध्येच वारला होता.