आजारी डुक्कर विकण्याचा सल्लाच रोग पसरवतो

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पशुपालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत आफ्रिकन स्वाईन फीव्हर या डुकरांच्या विषाणुजन्य रोगाविषयी एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: रोग हवेतून येतो, तेव्हा तो अडवणे कोणाच्या हाती नाही, खान्देशच्या उन्हात विषाणू जगत नाही, म्हणून उन्हाळ्यात भीती नाही, डुक्कर मलूल दिसले तर मरण्याआधी विकून मोकळे व्हावे, उरलेल्यांना स्वाईन फीव्हरची लस टोचून घ्यावी, माणसालाही लागण होते, आणि दवाखान्यात कळवू नये, कारण तिथले लोक सगळी डुकरे मारतात व पैसा देत नाहीत. यातले एखादे विधान अर्धे खरे आहे, म्हणून संपूर्ण संदेश लोकांना पटतो. परसात चार-सहा डुकरे पाळून घर चालवणाऱ्या कुटुंबांचे त्याने मोठे नुकसान होईल.

हवेचा मुद्दा आधी घेऊ. या विषाणूचा हवेतून प्रसार झालाच तर तो एकाच वाड्यात, अगदी जवळच्या जनावरांपुरता असतो. एका गावातून दुसऱ्या गावात तो वाऱ्याने जात नाही. तो जातो आजारी जनावराबरोबर, मांसाबरोबर, आणि रक्त, लाळ, मूत्र किंवा विष्ठा लागलेल्या बूट, दोर, सुरी, कुंडी व टेम्पोच्या फळ्यांबरोबर. सर्वांत जास्त विषाणू रक्तात असतो. हवेने पसरणाऱ्या रोगासारखा तो सगळ्या कळपाला एका दिवसात गाठतही नाही: बऱ्याचदा आधी एक डुक्कर मरते, मधे काही दिवस शांततेत जातात आणि मग उरलेली एकामागोमाग आजारी पडतात. हा मधला काळ फार फसवा आहे. पहिला मृत्यू उन्हाने किंवा विषारी खाण्याने झाला असे मालक समजतो आणि त्याच दिवसांत एखादे पिल्लू पाहुण्याला देतो किंवा नर दुसऱ्याच्या डुकरिणीसाठी पाठवतो.

उन्हाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे. कोरड्या, उघड्या जागी कडक उन्हात विषाणू लवकर नष्ट होतो, हे मान्य. पण हा विषाणू निष्क्रिय होण्यासाठी ५६ अंशांवर ७० मिनिटे किंवा ६० अंशांवर २० मिनिटे लागतात आणि भुसावळचा मे महिनाही हवेचे तापमान तिथवर नेत नाही. शिवाय ताप आलेल्या डुकराच्या शरीरात ४१ अंशांच्या आसपास उष्णता असते आणि तिथेच तो झपाट्याने वाढतो. डबक्यातला चिखल, सावलीतले रक्त, थंड ठेवलेले मांस ही त्याची आश्रयस्थाने आहेत. गोठवलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे टिकतो. हा रोग प्रथम नोंदला गेला तो केनियात, १९२१ साली. भारतात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात उघड झाला आणि २०२२ च्या जुलैत केरळच्या वायनाडमध्ये पोहोचला. यांपैकी आसाम तर उष्ण, दमट हवेचाच मुलूख आहे.

सर्वांत घातक सल्ला विकण्याचा आहे. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण ४ ते १९ दिवस लागतात, त्यामुळे एक डुक्कर मलूल दिसू लागते तेव्हा शेजारची धडधाकट दिसणारी जनावरेही बाधित असू शकतात. असे जनावर आठवडी बाजारात उभे केले की तिथली डुकरे, व्यापाऱ्याची गाडी आणि पुढचे चार वाडे धोक्यात येतात. ते कापले तर धोका आणखी वाढतो. आतडी आणि रक्त नाल्यात टाकले जाते, ते मोकाट डुकरे खातात, आणि मांसाचे तुकडे हॉटेलच्या व पंगतीच्या खरकट्यातून पुन्हा एखाद्या परसात येतात. १९५७ मध्ये हा रोग आफ्रिकेतून लिस्बनला गेला तो विमानातले उरलेले अन्न डुकरांना घातल्यामुळे. आपल्याकडे खरकट्यावरच डुकरे जगतात आणि ते बंद करा म्हणणे गरीब कुटुंबाला परवडणारे नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून मांसाचा अंश असलेले खरकटे तरी घेऊ नये, आणि बाकीचे तासभर ढवळत नीट उकळून, निवल्यावरच घालावे. सरपण लागते खरे, पण वाडा रिकामा होण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात आणखी एक वाट उघडी आहे. केळी आणि मक्यात येणाऱ्या रानडुकरांनाही हा रोग होतो. शेतात मेलेले रानडुक्कर आढळल्यास ते ओढून नेऊ नये, त्याचे मांस वाटू नये. वन विभाग व पशुवैद्यकीय दवाखाना या दोघांना कळवावे.

लसीबाबत सरळ गोंधळ झालेला आहे. दवाखान्यात मिळते ती क्लासिकल स्वाईन फीव्हरची लस. तो विषाणू वेगळा आणि ती लस त्या रोगासाठी जरूर द्यावी. आफ्रिकन प्रकाराविरुद्ध ती काहीही करत नाही. व्हिएतनामने अशी लस वापरात आणली असली तरी भारतातील पशुपालकाला देता येईल अशी मान्यताप्राप्त लस नाही. उलट एकच सुई घेऊन घरोघर टोचत जाणारा माणूस बाधित रक्त स्वतःच पुढच्या जनावरात सोडतो.

माणसाला हा रोग होत नाही. २००९ मध्ये पुण्यात ज्याची धास्ती होती तो स्वाईन फ्लू वेगळा.

उरतो कळवण्याचा प्रश्न, आणि इथे लोकांची भीती निराधार म्हणता येत नाही. रोग निश्चित झाल्यास केंद्राच्या कृती आराखड्यानुसार १ किलोमीटर परिसरातील डुकरे मारली जातात. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा असे मोठ्या प्रमाणावर पक्षी मारणे खान्देशने जवळून पाहिले आहे. परंतु भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकरांची, आणि तिचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. रोगाने आधीच मेलेल्या डुकरांची ती मिळत नाही. म्हणजे लपवण्यात जितके दिवस जातात, तितकी हक्काची रक्कम कमी होत जाते. शिवाय २००९ च्या प्राणी रोग कायद्याने संशयित रोगाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे.

जोराचा ताप, खाणे बंद, कान व पोटावर लालसर-जांभळे डाग, रक्ताची हगवण किंवा गाभण डुकरिणींचा गर्भपात यांपैकी काही दिसले, किंवा एखादे डुक्कर काहीच न दाखवता अचानक मेले, तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवावे. डॉक्टर येईपर्यंत वाड्यातून एकही डुक्कर, मांस, खत वा दोर बाहेर जाऊ देऊ नये, आणि मेलेले जनावर चिरून पाहू नये. नमुने घेण्याचे व चुना टाकून खोल पुरण्याचे काम त्यांच्या देखरेखीखालीच व्हावे.