पनवती ठरवण्याची सोपी रीत

आंब्याचा मोहोर करपला की तुडतुडे, भुरी, अवकाळी पाऊस असली किरकोळ कारणे शोधत बसू नये. यंदा घरात नवी सून आली आहे का, एवढेच पाहावे.

शब्दाच्या अर्थाच्या भानगडीत पडू नये. गुजरातीत 'पनोती' म्हणजे शनीच्या पीडेचा काळ, आपली साडेसाती. ज्याच्या राशीला ती लागते त्याने ती सोसायची असते. संस्कृतातली 'अवदशा' हीसुद्धा नुसती वाईट स्थितीच. आपण मात्र काळाला आणि स्थितीला लुगडे नेसवून 'ती पनवती', 'ती अवदसा' करून टाकली. पुरुष फार तर करंटा, म्हणजे स्वतःपुरता. बाई मात्र पांढऱ्या पायाची, म्हणजे साऱ्या घराला पुरून उरणारी.

गणित तर मुळीच करू नये. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २९.५ वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच. जन्मराशीच्या मागची, खुद्द ती आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात. अर्थात १२ पैकी ३ राशींना साडेसाती कायमच असते. वाडीतला प्रत्येक चौथा माणूस पीडित असताना बोट एकाच मुलीकडे कसे वळते, हे विचारणाऱ्याला नास्तिक म्हणावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनापासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा ते कोणत्या सुनेच्या पायगुणाने, हे शोधायचे राहूनच गेले. टाळेबंदीमुळे बहुतेक लग्ने पुढे ढकललेली होती. सुनांचा तुटवडा असतानाही वादळ आले, ही शास्त्राची मोठीच अडचण म्हणायची.

निर्णय मुलीला ऐकू जाईल अशाच आवाजात द्यावा. गेल्या आठवड्यात आमच्या पडवीत तो दिला गेला, तेव्हा माझी सून पोह्यांच्या बश्या घेऊन उंबऱ्यातच उभी होती. तिने बश्या खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि ती फवारणीच्या टाकीत पाणी भरायला निघून गेली. निर्णय देणारे गृहस्थ जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होते.

गुरुजी, मोसमी वारे फळ्यावर काढून दाखवणाऱ्या माणसाला पाऊस कशाने पडतो हे मी सांगायचे? तुम्हाला सारे ठाऊक आहे; ढगाला शिव्या देऊन कोणी ऐकत नाही, सून ऐकून घेते, म्हणून तुम्ही तिला बोललात. एवढे शिकून ही अक्कल? तोंड आवरा, आणि तिच्यासमोर उभे राहून तिची माफी मागा.