धूर नाही, म्हणून डोळ्यांना धोका नाही?

मोबाइलवर सध्या एक निरोप फिरतोय: 'मधुमेह आहे? सिगारेट सोडा, चघळायची तंबाखू चालेल. धूर नाही, म्हणजे रक्तात काही जात नाही, डोळ्यांपर्यंत तर नाहीच. जागतिक करारही फक्त सिगारेटवर आहे. परदेशातल्या संशोधनात तंबाखू घेणाऱ्या मधुमेहींच्या डोळ्यांचे पडदे उलट चांगले निघाले. सोडलीत तर साखर वाढेल. आणि नीट दिसतंय, तर तपासणी कशाला?'

यातलं काही धडधडीत खोटं आहे. काही अर्धवट खरं आहे, आणि निस्तरायला तेच अवघड.

आधी धुराचं बघू. छातीत दुखू लागलं की जिभेखाली गोळी ठेवायला सांगतात, कारण तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून औषध थेट रक्तात उतरतं. निकोटिनचीही तीच वाट. तंबाखूला चुना लागला की ते जास्तच सहज आत शिरतं. सिगारेटचं निकोटिन झर्रकन चढतं आणि उतरतं. गालात धरलेल्या तंबाखूचं सावकाश चढतं आणि रेंगाळतं. रक्तात गेलं की नाडी आणि रक्तदाब वाढवतं, इन्सुलिनचं काम अवघड करतं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निकोटिनचं च्युइंगम दीर्घकाळ चघळणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देत असल्याचं दिसलं. तिथे धूर नव्हता, तंबाखूसुद्धा नव्हती. (व्यसन सोडण्यासाठी काही आठवडे च्युइंगम घेणं ही गोष्ट वेगळी, त्यावरून ते टाकून देऊ नका.) स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची स्नूस नावाची तंबाखू भरपूर वापरणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं (बहुधा मोठेपणी होणाऱ्या, नेहमीच्या प्रकाराचं) प्रमाण जास्त आढळलंय. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात, २००६ साली, नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली. हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जे पोचतं ते डोळ्याच्या दाराशी थांबत नाही.

करार? जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ पासून लागू आहे. त्याच्या पहिल्याच कलमात ओढायची, चोखायची, चघळायची आणि नाकात घ्यायची, अशी सगळी तंबाखू मोजली आहे.

आता ते 'परदेशातलं संशोधन'. ते बनावट नाही. ब्रिटनमधल्या टाइप २ मधुमेहींच्या यूकेपीडीएस अभ्यासात २००१ साली खरोखरच धूम्रपान न करणाऱ्यांत पडद्याचा विकार, म्हणजे मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना होणारी इजा, जास्त दिसला. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा टाइप २ मधुमेहात असंच चित्र आलं. पण त्याच कामात टाइप १ मधुमेहात (ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच जवळजवळ थांबवतं) धूम्रपानाने धोका वाढलेला दिसला. निरोपात ते वाक्य गळलं. शिवाय मूळ कामात मोजलं होतं धूम्रपान. निरोप लिहिणाऱ्याने त्या जागी 'तंबाखू' घातलं आणि फायदा चघळणाऱ्यांच्या पदरात टाकला. ही हातचलाखी आहे.

मग टाइप २ मध्ये असं उलटं का दिसावं? समजा, शंभर मधुमेही सिगारेट ओढतात. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच नाजूक, त्यांच्यातले बरेच झटक्याने किंवा पक्षाघाताने लवकर जातात. काही वर्षांनी पडदा तपासायला जे उरतात ते मुळातले चिवट. त्यांचे डोळे बरे निघाले, याचं श्रेय सिगारेटला द्यायचं? त्यातच धूम्रपान करणारे अनेकदा अंगाने हलके असतात, तोही हिशेब यात मिसळतो. एवढ्याने सगळं उलगडतं असं नाही, पण अशा आकड्यावरून कोणी औषध म्हणून तंबाखू सुचवत नाही.

'सोडली की साखर वाढते' यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडणाऱ्या टाइप २ मधुमेहींचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) पहिल्या वर्षात सरासरी सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढलं. तीन वर्षांत तो फरक पुसला गेला. म्हणून सोडताना डॉक्टरांना सांगावं, साखर थोडी जास्त वेळा बघावी. गोळ्यांचा डोस बदलून जे निभतं, त्यासाठी व्यसन जपायचं कारण नाही.

'नीट दिसतंय, तर तपासणी कशाला?' हा शेवटचा सल्ला मात्र चीड आणणारा. मधुमेहाने बिघडलेल्या एखाद्या पडद्याचा फोटो एकदा जवळून बघा. नारिंगी पृष्ठभागावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके: सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आलेले फुगे. बाजूला पिवळट कण, गळलेल्या स्निग्धांशाचे. आणि हाच माणूस समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचतो! पडद्याचा मधला, बारीक नजरेचा भाग सुजेपर्यंत किंवा नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरेपर्यंत त्याला काहीच जाणवत नाही. उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडतात ते याच काळात. टाइप १ मधुमेहींच्या डीसीसीटी अभ्यासात (१९९३) साखर काटेकोर ठेवल्याने पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता.

टाइप २ असेल तर निदान झालं की लगेच पडदा तपासून घ्यायचा. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत. पुढची तारीख फोटो बघून ठरते. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड बोचतो, तेव्हा गाडी स्वतः चालवत जाऊ नका.