खुलासा : ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही वेगाची शर्यत नाही

‘सहा दिवस डोंगरातून मोटारसायकल पिटाळायची, जो आधी पोहोचेल तो विजेता’ असा मजकूर या स्पर्धेच्या नावाने फिरतोय. तो चुकीचा आहे.

१९०९ साली सुरू झालेली ही स्पर्धा मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या परिसरात होते. ओढ्यातले शेवाळलेले दगड, उभे खडक, चिखल अशा आखलेल्या टप्प्यांतून पाय न टेकता गाडी काढायची. एकदा पाय टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३. टप्पा पार झालाच नाही, तर ५. सहा दिवसांत ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. दिवसाच्या मार्गाला वेळेची मर्यादा असते, उशिराचा दंडही असतो. पण नुसत्या वेगाने इथे कुणी जिंकत नाही. ब्रिटिश मोटारसायकलपटू डगी लॅम्पकिनने ही स्पर्धा १२ वेळा जिंकली ती तोल आणि क्लचवरच्या ताब्यामुळे. त्या कौशल्याला ‘पिटाळणं’ म्हणणं अन्यायाचं आहे.

त्या मजकुरासोबत जोडलेला हॉलिवूड अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनचा १९६४ चा फोटोही इथला नाही. तो ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’ या वेगळ्या स्पर्धेचा, पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टचा आहे.