व्हिटसिटांची तारीख

केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये, जिथे मी राहते, सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची एक जुनी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं महाविद्यालय, आहे. चर्चच्या इतिहासाचे प्राध्यापक विल्यम व्हिटसिट १८९५ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. इंग्लंडमधले बॅप्टिस्ट पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा संस्कार, देऊ लागले ते १६४१ पासून, त्याआधी नाही, असं त्यांनी जुन्या कागदांवरून दाखवलं होतं. एवढ्यावरून वादळ उठलं. दक्षिणेतल्या असंख्य बॅप्टिस्टांची श्रद्धा होती की आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, येशूला यार्देन नदीत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापासून अखंड चालत आली आहे, आणि बुडवून दिलेला बाप्तिस्मा ही त्याची खूण आहे. पंथाच्या साप्ताहिकांतून व्हिटसिटांवर टीकेची झोड उठली, सेमिनरीशी संबंध तोडण्याची भाषा झाली आणि १८९९ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

पुण्यातल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना मला हे वारंवार सांगावंसं वाटतं. इतिहासाच्या एखाद्या वाक्यावरून महाराष्ट्रात रान पेटलं की ‘तुमच्याकडे बरं आहे, तिथे लोकांच्या भावना अशा दुखावत नाहीत’ असं मला ऐकवलं जातं. दुखावतात, आणि चांगल्या माणसांची पदंही जातात. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत झालेली तोडफोड आठवली की आजही पोटात कालवतं आणि तिची तुलना मी कशाशीच करणार नाही. पण भावना दुखावणं हा काही आपल्याच मातीचा गुण नाही.

फरक दिसतो तो गदारोळ शमल्यानंतर. व्हिटसिटांचं पद गेलं, पण त्यांचा पुरावा छापलेला होता. पुढच्या अभ्यासकांना तो पडताळता आला आणि १६४१ ही तारीख आज बहुतेक इतिहासकार मानतात. पडताळणीचं हे काम चाललं ते मुख्यतः पंथाच्याच लोकांनी चालवलेल्या संस्थांमधून आणि नियतकालिकांमधून. इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनी १९०८ मध्ये आपली इतिहास संस्था काढली, आणि १९२२ पासून ‘बॅप्टिस्ट क्वार्टर्ली’ निघतं आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये ‘बॅप्टिस्ट हिस्टरी अँड हेरिटेज’ सुरू झालं. पंथाच्या फेररचनेत १९९७ ला त्यामागचा इतिहास आयोगच बंद करण्यात आला, तेव्हा अभ्यासकांच्या संस्थेने स्वतंत्र होऊन ते पुढे चालवलं. मला या सगळ्या कहाणीत सर्वात मोलाची वाटते ती ही गोष्ट. आश्रय गेला तरी अंक निघत राहिला.

इथलं सगळंच गोड नाही. याच सेमिनरीने २०१८ मध्ये स्वतःच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि आपल्या चार संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते, हे त्यात नोंदवलं. २०२० मध्ये मात्र त्या संस्थापकांची नावं इमारतींवर कायम ठेवायचं ठरलं. मला तो निर्णय पटलेला नाही. पण त्यावर वाद घालायला माझ्या हातात अहवाल आहे, आणि तो त्यांनी स्वतः दिलेला आहे.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच, असंही नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी घरोघरी, वाड्यावाड्यांतून दप्तरं धुंडाळून साधनांचे खंड काढले आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्याच्या त्रैमासिकात एकाच कागदाच्या वाचनावरून लोक कडाडून भांडले आहेत, तेही नावानिशी आणि पुराव्यानिशी. ही परंपरा आपली आहे. तिच्याकडे पाठ फिरवून आपण पुतळ्यांची उंची मोजत बसलो याचं मला खरंच दुःख होतं. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, अजून न वाचलेले पडून आहेत आणि ते वाचू शकणारी माणसं मोजकी आहेत.

आणि बॅप्टिस्टांचा इतिहास आपल्याला परकाही नाही. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने केलेलं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं, बंगालमधल्या हुगळीकाठच्या श्रीरामपूरला. १८१० मध्ये कोश आला. त्या मिशनचे मूळ कागद ऑक्सफर्डला रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस ग्रंथालयात बॅप्टिस्टांनीच जपून ठेवले आहेत. आपल्या छपाईच्या आरंभकाळावर ज्याला लिहायचंय, त्याला तिथे जावंच लागतं. वैजनाथांबद्दल मात्र आपण स्वतः किती जपून ठेवलंय?

अमेरिकेतली आपली मराठी मंडळं गणपती, दिवाळी, नाटकांचे दौरे मनापासून करतात, मीही त्यांत असते. त्याच वर्गणीतून मोडी शिकणाऱ्या दोन मुलांना दरवर्षी विद्यावृत्ती द्यावी आणि जुन्या संशोधनपत्रिकांचे अंक स्कॅन करून सर्वांसाठी खुले करायला पैसे द्यावेत, असा प्रस्ताव मी आमच्या मंडळापुढे ठेवते आहे. त्या अंकांत एखादं न आवडणारं पान निघालं तर तेही स्कॅन व्हायला हवं, ही अट त्यात आधीच लिहिली आहे.