अलेब्रिहे अ‍ॅझ्टेकांचे नव्हेत, ते घडवणाऱ्यांना नावं आहेत

दिवाळीच्या आसपास, म्हणजे मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’च्या सुमारास, एक पोस्ट हमखास फिरायला लागते. फोटोत रंगीबेरंगी लाकडी प्राणी, कुणाला पंख, कुणाला शिंगं. खाली मजकूर साधारण असा: ‘हे अलेब्रिहे, अ‍ॅझ्टेकांचे हजारो वर्षांपूर्वीचे आत्मारक्षक प्राणी. मेक्सिकोतली कुटुंबं पिढ्यानपिढ्या काडीचाही बदल न करता ते घडवत आली. आता मात्र पर्यटकांच्या पैशाने ही अस्सल कला मारून टाकली आहे.’ लोक हळहळतात आणि पुढे पाठवतात. या मजकुरातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि त्यामुळे ज्यांचं नुकसान होतं ती माणसं आजही काम करताहेत. म्हणून हे लिहितो आहे.

आधी ‘हजारो वर्षं’. स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान वसली १३२५च्या सुमारास आणि पडली १५२१ मध्ये. हजारो वर्षं खुद्द अ‍ॅझ्टेकांच्याही वाट्याला आली नाहीत. अलेब्रिहे तर त्यानंतर चारशे वर्षांनी आले. मेक्सिको सिटीतला पेद्रो लिनारेस हा कारागीर १९३६ साली खूप आजारी पडला. त्या ग्लानीत त्याला एक जंगल दिसलं. फुलपाखराच्या पंखांचं गाढव, बैलाच्या शिंगांचा कोंबडा, गरुडाच्या डोक्याचा सिंह, आणि सगळे एकच शब्द ओरडत होते: अलेब्रिहे. ही हकिगत त्याने स्वतः सांगितलेली. बरा झाल्यावर त्याने ते प्राणी करायला घेतले, तेही लाकडात नाही, कागदात.

कारण लिनारेसांचा घरचा धंदा कागदकामाचा, तिकडे त्याला कार्तोनेरिया म्हणतात. बोरूच्या काड्या बांधून सांगाडा करायचा. कागदाचे फाडलेले तुकडे पिठाच्या खळीत भिजवून त्यावर एकावर एक चिकटवायचे. थर वाळले की पांढरा हात द्यायचा आणि मग रंगकाम. या कसबातून पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून काठीने फोडायचे पुतळे व्हायचे, मुखवटे व्हायचे, ईस्टरच्या आदल्या शनिवारी फटाके लावून उडवायचे, येशूला दगा देणाऱ्या ज्यूडसचे पुतळे व्हायचे. सगळा माल फोडण्या-जाळण्यासाठीच जन्माला आलेला. त्याच हातांनी लिनारेसने जपून ठेवावं असं काही घडवलं, हे मला त्या स्वप्नापेक्षाही मोठं वाटतं. १९९० मध्ये मेक्सिकोने त्याला लोककलेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. १९९२ मध्ये तो गेला. मुलं आणि नातवंडं तेच काम करत राहिली. या कुटुंबाने केलेला अणुयुद्धाच्या प्रलयाचा एक भलामोठा कागदी देखावा ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. पूर्वजांची नक्कल करत बसलेलं घर अणुबॉम्बवर शिल्प करेल का?

मग फोटोतले लाकडी प्राणी कुठले? ते दक्षिणेकडच्या ओआहाका राज्यातले, सान आंतोनियो आरासोला आणि सान मार्तीन तिल्काहेते या गावांतले. आरासोलाचा मानुएल हिमेनेस विसाव्या शतकाच्या मध्याला कोपाल नावाच्या झाडाच्या लाकडात प्राणी कोरायला लागला. मुखवटे आणि खेळणी कोरायची सवय त्या भागाला आधीपासून होती. त्याचं पाहून शेजारी शिकले, शेजारच्या गावांत लोण पोचलं आणि ‘अलेब्रिहे’ हे नाव पुढे या लाकडी प्राण्यांनाही चिकटलं.

पोस्टमधल्या ‘आत्मारक्षक’ या शब्दाला थोडा आधार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. ओआहाकातल्या सापोतेक लोकांत जन्माबरोबर माणसाला जोडलेला प्राणी, म्हणजे तोना, ही कल्पना जुनी आहे आणि तिल्काहेतेतल्या काही कार्यशाळा तिच्यावरच काम उभं करतात. पण कल्पना जुनी म्हणून शिल्प जुनं होत नाही. २०१७च्या ‘कोको’ या ॲनिमेशनपटात अलेब्रिहे मृतांचे वाटाडे म्हणून दाखवले, आणि जगभरच्या प्रेक्षकांनी तो इतिहास समजला.

‘काडीचाही बदल न करता’ हे विधान सर्वांत जास्त खटकतं. ओआहाकाच्याच सान बार्तोलो कोयोतेपेकचं उदाहरण घ्या. तिथली मातीची भांडी पूर्वी करडी, मळकट रंगाची आणि टणक असत. मेस्कल दारू आणि पाणी ठेवायला ती वापरत. १९५०च्या दशकात दोन्या रोसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोसा रेआल यांनी एक गोष्ट करून पाहिली. भांडं पुरतं वाळायच्या आत त्याचा पृष्ठभाग गारगोटीने घासायचा, घासत राहायचा, आणि आव्यातली आच किंचित कमी ठेवायची. भांडं बाहेर आलं ते आरशासारखं काळंभोर. त्याची किंमतही मोजावी लागली: असं भांडं पाणी धरत नाही आणि लवकर फुटतं. गावाने हा सौदा जाणूनबुजून केला. आज त्या चकचकीत काळ्या मडक्यांवर गावाची ओळख उभी आहे, आणि दोन्या रोसांची कार्यशाळा त्यांचं कुटुंबच चालवतं. चाक मात्र अजूनही जुन्याच पद्धतीचं: एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि हाताने फिरवायची.

ओआहाकातल्याच तेओतितलान देल वाये गावचे विणकर घ्या. त्यांचा पायमाग स्पॅनिशांनी आणलेला, मेंढी आणि लोकरही त्यांचीच. लाल रंग मात्र अस्सल इथला. फड्या निवडुंगावरचे वाळवलेले किडे विणकर तळहातावर चुरडतो, त्यावर लिंबू पिळतो आणि किरमिजी रंग डोळ्यांदेखत शेंदरी होतो. यातलं ‘अस्सल’ कुठे सुरू होतं आणि ‘परकं’ कुठे संपतं, हे ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

राहिला पर्यटकांचा पैसा. आरासोला आणि तिल्काहेते ही कोरडवाहू शेतीची गावं, कामासाठी अमेरिकेची वाट धरणारी. तिथल्या कित्येक घरांना गावात राहून पोट भरायची सोय झाली ती या प्राण्यांमुळेच. गिऱ्हाईक नसतं तर ही लाकडी कला गावभर पसरलीच नसती, मग मरण्याचा प्रश्नच कुठे येतो? आणि अशा प्रत्येक प्राण्यामागे एकट्या कलावंताचा हात असतो, हेही चित्र चुकीचं. ओलं लाकूड कोयत्याने आणि सुरीने कोरायचं काम बहुतेक पुरुषांचं. ते वाळलं की बारीक ठिपक्या-रेघांचं रंगकाम बरेचदा बायका करतात, आणि सही मात्र एकाचीच दिसते. तिल्काहेतेचे हाकोबो आणि मारिया आंखेलेस हे जोडपं दोघांच्या नावाने काम करतं, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

खरे त्रास निराळे आहेत. मागणी वाढली तसा गावाजवळचा कोपाल संपत गेला आणि लाकूड दुरून विकत आणावं लागलं. म्हणून आंखेलेस यांच्यासारख्यांनी कोपालची लागवड हाती घेतली. स्वस्त नकला आहेत, दलाल आहेत. आणि मोठ्या कंपन्याही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आदिदासला ओआहाकातल्या यालालागच्या लोकांची त्यांच्याच गावात येऊन माफी मागावी लागली, कारण त्यांच्या चपलेच्या विणीवरून बूट केला होता आणि गावाला विचारलं नव्हतं. त्याच वर्षी कोल्हापुरीवरून प्राडाचं नाव गाजलं होतं, तेव्हा हे दुखणं आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आदिवासी समूहांच्या वारशाचं रक्षण करणारा कायदा मेक्सिकोने २०२२ मध्ये लागू केला, तो अशाच चोऱ्यांमुळे.

‘हजारो वर्षांची, कुणा एकाची नसलेली’ कला म्हटली की ती उचलणाऱ्याचं काम सोपं होतं. लिनारेस, हिमेनेस, दोन्या रोसा अशी नावं मधे आली की विचारावं लागतं, पैसे द्यावे लागतात. ती पोस्ट पुढे पाठवायचीच असेल, तर अ‍ॅझ्टेक खोडा आणि तिथे पेद्रो लिनारेस, १९३६, मेक्सिको सिटी असं लिहा. फोटोतला प्राणी कुणी कोरला आणि कुणी रंगवला हे शोधून सापडलं, तर तीही नावं घाला.