‘उभे रेडिएटर म्हणजे निव्वळ शोभा’: लीड्सच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुमचा राग बऱ्याच अंशी रास्त आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. रेडिएटर म्हणजे बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारं भिंतीवरचं पॅनल. उभ्या रेडिएटरवरचा माझा लेख वाचून दादांनी इंग्लंडमधल्या लीड्सच्या घरातल्या बैठकीच्या खोलीतला खिडकीखालचा जुना रेडिएटर काढला आणि शेजारच्या भिंतीवर १८०० बाय ४८० मिलिमीटरचा एकेरी, म्हणजे एकाच थराचा, उभा बसवला. खोक्यावर ४,००० बीटीयू (तासाला मिळणारी ऊब मोजायचं ब्रिटिश एकक) असं लिहिलेलं. बॉयलरचं पाणी ५५ अंशांवर. आता खोली १७ अंशांच्या वर जायला तयार नाही. त्यांचं म्हणणं: “उभे रेडिएटर म्हणजे निव्वळ शोभा. ऊब सगळी छताला, पाय गारच. त्यावर कपडेही वाळत नाहीत. ताई, तुम्ही लोकांना खर्चात पाडता.”

आधी माझी चूक कबूल करते. खोलीला किती वॅट लागतात ते काढा आणि तेवढ्या वॅटचा रेडिएटर घ्या, असं मी लिहिलं होतं. ते वॅट कुठल्या तापमानाच्या पाण्याचे, हे लिहिलं नव्हतं. तुमची खोली गार राहण्याचं मूळ तिथेच आहे, आणि ते लिहायला हवं होतं.

रेडिएटरवरचा आकडा ईएन ४४२ या युरोपीय मानकाप्रमाणे दिलेला असला, तर त्यात ७५ अंशांचं पाणी आत येतं, ६५ अंशांचं बाहेर जातं आणि खोली २० अंश असते असं धरलेलं असतं. म्हणजे पाणी सरासरी ७० आणि खोलीशी फरक ५० अंशांचा. यालाच ‘डेल्टा टी ५०’ म्हणतात. काही विक्रेते अजून डेल्टा टी ६० चा आकडा छापतात, कारण तो मोठा दिसतो. तुम्ही पाठवलेल्या खोक्याच्या फोटोत ४,००० च्या खाली बारीक अक्षरांत नेमकं तेच आहे. मोठा करून बघा.

आता हिशेब करू. ४,००० बीटीयू म्हणजे साधारण १,१७० वॅट. डेल्टा टी ५० ला ते ९२५ च्या आसपास येतात. तुमचं पाणी ५५ अंशांनी आत जाऊन ४५ ला परतत असेल, तर सरासरी ५० आणि खोलीशी फरक फक्त ३० अंश. तिथे हाच रेडिएटर जेमतेम ४७५ वॅट देतो. पाणी थंड केलं की ऊब त्या प्रमाणाहून जास्त घटते. तुमचा जुना रेडिएटर ६०० बाय १२०० चा दुहेरी, टाइप २२ (दोन पॅनल आणि मध्ये घड्या घातलेला पत्रा) होता. तो याच ५५ अंशांच्या पाण्यावर हजारेक वॅट देत होता. म्हणजे खोलीतली निम्म्याहून जास्त ऊब तुम्ही काढून टाकलीत, आणि दोष गेला उभेपणाला.

छताचा मुद्दा अगदीच खोटा नाही. रेडिएटर कुठलाही असो, गरम हवा वरच जाते. उभ्यात ती खालून चढताना तापत जाते, त्यामुळे वरच्या भागाला द्यायला कमी उरतं आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा आडवा थोडी जास्त ऊब देतो. पण चाचणीत मोजलेल्या वॅटमध्ये ही घट धरलेलीच असते. ती पुन्हा वजा करायची नाही.

‘निव्वळ शोभा’ मात्र मला मान्य नाही. आमच्या स्वयंपाकघरात एका बाजूला ओटा आणि कपाटं, दुसऱ्या बाजूला बागेत उघडणारी काचेची दारं. आडव्यासाठी भिंतच नाही. फ्रिजशेजारी जी अर्ध्या मीटरची पट्टी उरते, तिथे दुहेरी उभा आहे म्हणून जानेवारीत सकाळी सहाला मी तिथे पोळ्या लाटू शकते. खिडकीखालची जागा ठरली ती एकेरी काचेच्या काळात, काचेवरून उतरणारा गार झोत अडवायला. डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काच, असेल तर ती सोडता येते. पण जागा मोकळी असेल आणि आडवा चांगला चालत असेल, तर तो काढू नका. हे मी तेव्हाही लिहिलं होतं.

आणखी एक शंका आहे. “वरचा भाग कोमटच वाटतो” असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात हेच झालं होतं. खालची वीतभर पट्टी चटका बसेल इतकी तापलेली आणि छातीच्या उंचीला हात लावला तर आंघोळीच्या उरलेल्या पाण्यासारखं कोमट. स्टुलावर चढून चावीने हवा काढली, हवा नव्हतीच, लगेच पाणी आलं. मग माळ्यावरचं खोकं उघडलं, तर ब्रॅकेटच्या पिशवीत करंगळीएवढा एक भाग तसाच पडलेला. तो डायव्हर्टर. बऱ्याच उभ्या रेडिएटरना तो गरम पाणी येतं त्या टोकाला लागतो. तो नसला की पाणी खालच्या खाली या व्हॉल्व्हमधून त्या व्हॉल्व्हला निघून जातं, वर चढतच नाही. तुमच्या मॉडेलला तो लागतो का, आणि लागत असेल तर योग्य टोकाला बसलाय का, हे बसवणाऱ्याला आधी विचारा.

कपडे वाळत नाहीत ही तक्रार खरी आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तसेही खोलीत वाळवले की कोपऱ्यात बुरशी धरते.

तर आता काय करायचं? एक संध्याकाळ बॉयलर ७० वर ठेवा. खोली बरीच तापली, तर रेडिएटर लहान पडतोय हे नक्की. पण कायम ७० वर ठेवू नका. कंडेन्सिंग बॉयलरला परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच बाहेर जाणाऱ्या धुरातल्या वाफेची ऊब परत मिळते, त्यामुळे तुमचं ५५ चं सेटिंग बरोबरच आहे. जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये पूर्ण नवी बसवली जाणारी यंत्रणा ५५ किंवा त्याखालच्या पाण्यासाठीच आखायची असा नियम आहे. पुढे हीट पंप (बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत आणणारं यंत्र) घेतलात तर पाणी आणखी थंड असेल. म्हणून बदली रेडिएटर घेताना विक्रेत्याकडे डेल्टा टी ३० चा आकडा मागा. तो दुहेरी लागेल, कदाचित दोनही लागतील. क्रोमचा घेऊ नका, त्याच मापाचा रंगवलेला जास्त ऊब देतो. आणि भिंत प्लास्टरबोर्डची, म्हणजे आतून पोकळ जिप्समच्या फळ्यांची, असेल तर आत लाकडी आधार घालून घ्या, दुहेरी उभा पाण्यासकट चाळीस किलोंच्या आसपास भरतो.

मूळ लेखात हा हिशेब आज सकाळीच घातला आहे. तुमच्या खोलीची लांबी-रुंदी, बाहेरच्या भिंती किती आणि खिडकीचं माप एवढं कळवा. मी वॅट काढून देते, मगच पैसे खर्च करा.